नुस्खा पेटीतून बाहेर काढणारा हकीम : मसीहुल मुल्क अजमल खान

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गावांत उन्हाळ्यात अंगणाअंगणांतून बाळहिरडा वाळत घातलेला दिसतो. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांचा वर्षाचा बराचसा रोख पैसा याच काळ्या, सुरकुतलेल्या फळातून येतो. भाव पडला की घरचा किराणा अडतो, भाव चढला की पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय होते. हा हिरडा पुढे कुठं जातो? काही कातडी कमावायला, काही रंगाला आणि बराचसा औषधाला. वैद्यांच्या त्रिफळ्यात तो असतो. आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत काचेच्या बरणीत जे इत्रीफल ठेवलेलं असायचं, त्यातही तोच. यूनानीत हिरड्याला हलैला म्हणतात, कोवळ्या वाळवलेल्या फळाला हलैला सियाह. इत्रीफल हा शब्द तरी कुठून आला? त्रिफळा अरबांच्या कानावर पडला आणि त्याचं इत्रीफल झालं. तिथून ते फारसीत गेलं आणि फिरून हिंदुस्थानात आलं. एकच फळ, दोन शास्त्रं आणि हजार वर्षांची ये-जा.

हे दोन्ही शास्त्रांचं नातं ज्यानं ओळखलं, आणि नुसतं ओळखलं नाही तर त्यावर दिल्लीत एक शिकवणारं इस्पितळ उभं केलं, त्या माणसाबद्दल आज लिहायचं आहे. हकीम अजमल खान. दरवर्षी ११ फेब्रुवारीला यूनानी दिन साजरा होतो, तो त्यांच्याच जन्मदिवसाला. त्या दिवशी फोटोला हार घातला जातो, दोन भाषणं होतात, आणि प्रत्येक भाषणात एकच गोष्ट असते : हकीम साहेब नुसत्या नाडीवर बोट ठेवून रोग सांगत. आम्हाला वाटतं, या एका गोष्टीनं त्यांचं खरं काम झाकून टाकलं आहे. नाडी पाहणारे हुशार हकीम त्यांच्या आधीही पुष्कळ होऊन गेले. अजमल खान यांनी केलं ते वेगळं. घराण्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेला नुस्खा त्यांनी बाहेर काढला, तो वर्गात शिकवला, वॉर्डात तपासला आणि चुकला तर सुधारायची सोय केली.

त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ चा, दिल्लीचा. घराणं शरीफी हकीमांचं. पूर्वज हकीम शरीफ खान हे बादशाह शाह आलम यांच्या दरबारी हकीम. बल्लीमारानमधली शरीफ मंझिल ही या घराण्याची हवेली. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली तेव्हा शहरातले मुसलमान मोहल्ले उजाड झाले. पण या गल्लीवर पतियाळाच्या महाराजांचे शिपाई पहाऱ्याला होते, कारण महाराजांचे उपचार या घराण्याकडे होते. मिर्झा गालिबही त्याच मोहल्ल्यात राहत होते, आणि त्या पहाऱ्यामुळेच त्यांचाही जीव वाचला. म्हणजे इल्म आणि शिफा यांच्या जोरावर घर कसं टिकतं, हे या मुलानं अगदी लहानपणापासून ऐकलं असणार.

लहानपणीच ते हाफिज झाले. अरबी, फारसी, फिकह, मंतिक हे सगळं जुन्या पद्धतीनं शिकले. तिब्ब मात्र घरातच, वडील हकीम महमूद खान आणि थोरले भाऊ यांच्या हाताखाली. हे शिक्षण कसं चाले ते थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी कथा त्याभोवती फिरते. हकीमाच्या बैठकीला मतब म्हणत. सकाळी हकीम गादीवर बसत, बाजूला शागीर्द. रोगी पुढे येई, हकीम नब्ज पाहत, लघवीची काच म्हणजे कारूरा उजेडात धरून बघत, दोन प्रश्न विचारत आणि नुस्खा तोंडी सांगत. शागीर्द तो लिहून घेई. याला नुस्खानवीसी म्हणत. वर्षानुवर्षं लिहून लिहून शागीर्दाच्या ध्यानात येई की उस्ताद कुठल्या लक्षणाला काय देतात. शागिर्दी चांगली असली तर माणूस तयार होई. पण उस्तादानं खास नुस्खा सांगितलाच नाही तर? शागीर्द अर्धवटच राहिला तर? त्याची परीक्षा कोण घेणार? बाहेर जाऊन त्यानं हकीम अशी पाटी लावली की रोग्याला कळणार कसं की हा शिकलेला आहे की नुसता लिहिणारा? या प्रश्नांना जुन्या पद्धतीत उत्तर नव्हतं.

उत्तर शोधायची सुरुवात त्यांच्या थोरल्या भावानं केली. हकीम अब्दुल मजीद खान यांनी १८८० च्या दशकात दिल्लीत मदरसा तिब्बिया काढला. घराण्याबाहेरच्या मुलांना तिब्ब शिकवायची, ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वर्षं, शेवटी परीक्षा आणि सनद. आज हे साधं वाटतं. त्या काळी शरीफी घराण्यातल्या माणसानं घरचा इल्म कुणाच्याही मुलाला द्यायचा म्हणजे सोन्याच्या दुकानदारानं दुकान उघडं टाकण्यासारखं होतं.

अजमल खान तेव्हा तरुण होते. १८९२ च्या सुमारास ते रामपूरच्या नवाबांकडे हकीम म्हणून गेले आणि जवळपास दहा वर्षं तिथं राहिले. पगार चांगला, मान मोठा, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रामपूरचं ग्रंथालय. अरबी-फारसी हस्तलिखितांचा तो खजिना त्यांनी वाचून काढला. शायरीही करत, शैदा या नावानं. तिथंच राहिले असते तर एक सुखी दरबारी हकीम म्हणून इतिहासाच्या तळटीपेत गेले असते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही थोरले भाऊ एकापाठोपाठ वारले आणि घराणं, मतब, मदरसा असं सगळं ओझं त्यांच्या खांद्यावर आलं. ते दिल्लीला परतले.

परतल्यावर त्यांनी आधी आपल्याच घरातल्या उणिवा मोजल्या. हकीमांना शरीररचना पुस्तकातून ठाऊक होती, हातानं नाही. चिरफाड आणि मलमपट्टी हे काम जर्राहांकडे, आणि जर्राह म्हणजे कमी दर्जाचा माणूस, असा समज. प्रसूती तर दाईच्या भरवशावर, तिला कुणी शिकवलेलं नाही. औषधं अत्ताराकडून यायची. अत्तारानं जुनं, किडकं किंवा दुसरंच काही दिलं तरी हकीमाला पत्ता नसे. इब्न सीना आणि राझी यांची नावं सगळे अभिमानानं घेत. पण राझी स्वतः इस्पितळात रोग्यांच्या खाटेजवळ बसून नोंदी लिहीत होते आणि जालीनूसच्या चुका दाखवत होते, हे कुणाला आठवत नव्हतं. अजमल खान यांचं म्हणणं साधारण असं होतं की हकीमी मागे पडली ती इंग्रजांमुळे थोडी आणि आपल्या बंद दारांमुळे जास्त. हे बोलणं आपल्याच लोकांना गोड लागलं नाही, हे सांगायला नको.

मग त्यांनी एकेक काम हाती घेतलं. मदरशात शरीरशास्त्र आणि शल्यक्रियेचे विषय आणले, त्यासाठी डॉक्टरी शिकलेले शिक्षक घेतले. मदरशाचं एक तिब्बी मासिक निघू लागलं. औषधं शुद्ध मिळावीत म्हणून स्वतःचा कारखाना काढला, तो पुढे हिंदुस्तानी दवाखाना म्हणून गाजला. यातली खरी गंमत हिशोबात आहे : दवाखान्याचा नफा त्यांनी घरी नेला नाही, तो शिक्षणाच्या कामाला लावला. शरबत आणि माजून विकून कॉलेज चालवायचं, अशी ती व्यवस्था होती. आजच्या भाषेत सांगायचं तर संस्थेला देणगीवर न ठेवता स्वतःचं उत्पन्न बांधून दिलं.

आणि १९०९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी वेगळी शाळा आणि इस्पितळ उघडलं. यावर आम्हाला जरा थांबायचं आहे. दिल्लीतल्या शरीफ घरांतल्या बाया तेव्हा पडद्यात. परक्या पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही, म्हणून कित्येक बाळंतपणात जात. अजमल खान यांनी पडद्यावर भाषण दिलं नाही. त्यांनी पडद्यातल्या बायकांनाच शिकवायचं ठरवलं. दाया आल्या, त्यांना स्वच्छता, अवयवांची माहिती, अडलेली बाळंतीण कधी पुढे पाठवायची हे शिकवलं जाऊ लागलं. शिकलेल्या मुलीही येऊ लागल्या. दाईला हिणवून चालणार नाही, तिच्याशिवाय गाव चालत नाही, मग तिलाच तयार करा, असा तो सरळ विचार.

डिंभ्याच्या वर राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. जुनं आंबेगाव धरणात गेलं, वस्त्या डोंगराच्या अंगाला सरकल्या. पावसाळ्यात अडलेल्या बाईला आधी डिंभ्यापर्यंत आणायचं, मग घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, तिथून मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथंही जमलं नाही तर पुण्याला ससून. या साखळीत पहिली कडी आजही वस्तीवरची सुईण किंवा आशाताई असते. तिला कधी पाठवायचं ते कळलं तर पुढची सगळी साखळी कामाला येते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिल्लीत एका हकीमानं पैसे घातले ते याच पहिल्या कडीवर.

एवढ्यात मुंबई इलाख्यातून संकट आलं, आणि इथून ही कथा थेट आपल्या प्रांताची होते. १९१२ मध्ये मुंबईत वैद्यक नोंदणीचा कायदा झाला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांचंच नाव सरकारी नोंदवहीत येणार. हकीम आणि वैद्य बाहेर. नोंदलेल्या डॉक्टरानं नोंद नसलेल्याच्या संस्थेत काम केलं तर त्याचं नाव काढलं जाण्याची भीती. म्हणजे तिब्बिया मदरशात शिकवायला येणारे डॉक्टरच बंद व्हायचे! एका फटक्यात हकीमीला खाली ढकललं गेलं, आणि सुधारण्याची वाटही अडवली गेली. दुसऱ्या प्रांतांतही असेच कायदे येणार हे दिसत होतं.

वैद्य मंडळी आधीच एकत्र येत होती. आपल्याकडचे शंकर दाजी शास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेदाचं अखिल भारतीय संमेलन भरवलं होतं. अजमल खान यांनी १९१० मध्येच वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद दिल्लीत सुरू केली. मुंबईचा कायदा आल्यावर या एकीला धार आली. पंडित आणि हकीम एका व्यासपीठावरून सरकारला सांगू लागले की देशातल्या बहुतेक लोकांना उपचार आमच्याकडूनच मिळतात, आम्हाला भोंदूंच्या रांगेत उभं करू नका.

पण अजमल खान यांचं शहाणपण असं की त्यांनी सरकारला नुसता विरोध केला नाही. कायद्यामागची तक्रार त्यांनी मनातल्या मनात मान्य केली. अडाणी वैद्य-हकीम सुटलेले आहेत हे खरंच होतं. मग उत्तर मोर्च्यानं द्यायचं की चांगले हकीम तयार करून? त्यांनी दुसरी वाट घेतली. एका छताखाली आयुर्वेद आणि यूनानी दोन्ही शिकवणारं मोठं कॉलेज, सोबत इस्पितळ, दवाखाना, वसतिगृह, असा आराखडा त्यांच्या डोक्यात होता.

विरोध घरातूनही झाला. लखनौचं अझीझी घराणं तिब्बमधलं दुसरं मोठं नाव. १९०२ पासून त्यांचंही तकमीलुत तिब्ब कॉलेज चालू होतं. यूनानीची भेसळ आयुर्वेदाशी किंवा डॉक्टरीशी करणं त्यांना पटलं नाही. तिब्ब आपल्या उसुलांवर उभी राहिली पाहिजे, उसनवारी नको, हे त्यांचं म्हणणं. ते अगदी चुकीचं होतं असं आम्ही म्हणणार नाही, शास्त्राला स्वतःचा कणा लागतो. पण रोग्याच्या बाजूनं पाहिलं तर अजमल खान यांची बाजू जड होते. अडलेल्या बाळंतिणीला किंवा फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या माणसाला कणा कुणाचा याच्याशी काय घेणं?

१९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडनमध्ये चॅरिंग क्रॉस इस्पितळात तेव्हा एक तरुण हिंदी सर्जन काम करत होते, डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी. पुढे दोघांची दोस्ती मरेपर्यंत टिकली. अन्सारींनी आपले वरिष्ठ सर्जन स्टॅन्ली बॉइड यांच्याशी हकीम साहेबांची गाठ घालून दिली. इथली एक गोष्ट चरित्रांत हमखास सांगितली जाते. एका रोग्याला पित्ताशयाचा आजार आहे असं बॉइड यांचं निदान होतं. हकीम साहेबांनी तपासून सांगितलं की दुखणं आतड्याच्या वरच्या भागातल्या जुन्या व्रणाचं आहे. शस्त्रक्रियेत हकीम साहेबांचं म्हणणं खरं ठरलं, आणि बॉइड यांनी दिलदारपणे ते मान्य केलं.

हार घालणाऱ्या भाषणांत ही गोष्ट इथंच संपते आणि टाळ्या पडतात. आम्हाला मात्र तिचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हकीम साहेबांचं निदान खरं होतं हे कळलं कसं? तर पोट उघडून बघितलं म्हणून. बल्लीमारानच्या मतबमध्ये हेच निदान बरोबर आलं असतं किंवा चुकलं असतं, तरी कुणालाच कळलं नसतं. रोगी बरा झाला तर हकीमाची कीर्ती, मेला तर अल्लाहची मर्जी. लंडनच्या त्या टेबलावर दोन जाणकारांची मतं समोरासमोर ठेवली गेली आणि निकाल रोग्याच्या शरीरानं दिला. युरोपातली इस्पितळं, ग्रंथालयं, कॉलेजं त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली. परत आल्यावर आपल्या कॉलेजात इस्पितळ हवंच, या गोष्टीवर ते अडून बसले.

पैसा जमवायला पाच वर्षं गेली. संस्थानिकांकडे ते उपचाराला जात तेव्हा फी जबरी घेत. दिल्लीबाहेर एका दिवसाचे हजार रुपये, असं सांगतात. दिल्लीत मात्र मतबमध्ये फी नाही. गरीब, श्रीमंत, हिंदू, मुसलमान, सगळे एकाच रांगेत. राजांकडून घ्यायचं आणि कॉलेजात घालायचं, असा त्यांचा शिरस्ता. २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी करोल बागेत पायाभरणी केली. ज्या सरकारच्या कायद्यानं हकीमांना बाहेर ठेवलं, त्याच सरकारच्या सर्वोच्च माणसाच्या हातून पाया घालून घ्यायचा, ही मुत्सद्देगिरी साधी नव्हती.

इमारत उभी राहीपर्यंत देश बदलून गेला. पंजाबातला हत्याकांड, खिलाफत, असहकार. सरकारनं दिलेली हाजिकुल मुल्क ही पदवी हकीम साहेबांनी १९२० मध्ये परत केली. लोकांनी त्यांना मसीहुल मुल्क म्हणायला सुरुवात केली, ती पदवी कुणाला परत घेता आली नाही. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी कॉलेजचं उद्घाटन झालं ते महात्मा गांधींच्या हस्ते. प्रसंग मोठा अवघड होता. असहकार ऐन भरात, आणि गांधीजींना त्याच समारंभात लॉर्ड आणि लेडी हार्डिंग यांच्या तसबिरींचं अनावरण करायचं होतं. त्यांनी ते केलं, कारण ज्यानं मदत केली त्याचे आभार मानायला असहकार आड येत नाही. गांधीजींना आधुनिक इस्पितळं फारशी आवडत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या दिवशी त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या शोधक वृत्तीचं कौतुक केलं आणि आपले वैद्य-हकीम जुन्या सूत्रांना चिकटून बसतात अशी कानउघाडणी केली. कॉलेजच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यानं यजमानांना असं सुनवावं, आणि यजमानांनी ते शांतपणे ऐकावं! अजमल खान गेली वीस वर्षं तेच सांगत होते.

कॉलेजात दोन शाखा, आयुर्वेदाची आणि यूनानीची. दोन्हीकडच्या मुलांना शरीररचना, शरीरक्रिया, शल्यक्रिया शिकावी लागे. बाह्यरुग्ण विभाग आणि दाखल रुग्णांचे वॉर्ड होते. विश्वस्तांत हिंदू आणि मुसलमान दोघे. जुना शागीर्द उस्तादाचा नुस्खा लिहून घ्यायचा. इथला विद्यार्थी तोच रोगी दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या दिवशी कसा आहे ते वॉर्डात जाऊन बघू शकत होता. आमच्या मते हकीमीच्या इतिहासातला मोठा बदल हाच. औषध दिल्यानंतर काय झालं, हे शिकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागलं.

राजकारणातला त्यांचा भाग वाचकांना बऱ्यापैकी माहीत असेल, म्हणून थोडक्यात. ते मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, १९२१ मध्ये अहमदाबादला काँग्रेसच्या अधिवेशनाचेही, कारण निवडलेले अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते. १९२० मध्ये अलीगढला जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली, तिचे पहिले अमीर म्हणजे कुलपती अजमल खान. खिलाफत संपली तशी जामियाची देणगी आटली. बंद करायचा विचार चालला होता. हकीम साहेबांनी १९२५ मध्ये ती दिल्लीला, करोल बागेत, आपल्या तिब्बिया कॉलेजच्या शेजारी आणली आणि खर्चाचा भार बराचसा स्वतः उचलला. पुढे जामियाला झाकिर हुसेन मिळाले, पण तोपर्यंत ती जिवंत ठेवली या माणसानं.

शेवटची वर्षं दुःखाची गेली. शहराशहरांतून दंगे, शुद्धी आणि तबलीगची भांडणं. ज्यानं पंडित आणि हकीम एका छताखाली बसवले त्याला रोज वर्तमानपत्रात हे वाचावं लागत होतं. हृदयाचं दुखणं होतंच. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूरला ते वारले, वय एकोणसाठ. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. दफन दिल्लीत झालं.

मरण्याआधी त्यांनी एक बी पेरून ठेवलं होतं. सलीमुज्जमान सिद्दीकी नावाचा एक तरुण जर्मनीत रसायनशास्त्र शिकत होता, आणि त्याला हकीम साहेबांचा आधार होता. तो फ्रँकफर्टहून डॉक्टरेट घेऊन १९२७ मध्ये परत आला आणि तिब्बिया कॉलेजात संशोधन विभाग उभा करू लागला. त्यानं घेतलेली वनस्पती म्हणजे सर्पगंधा, यूनानीत असरोल. आपल्या सह्याद्रीतही ती उगवते. वेड, निद्रानाश, डोकं तापणं यावर ती पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. पण नेमकं काम कशानं होतं हे कुणी बघितलं नव्हतं. सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये मुळीतून एकामागून एक अल्कलॉइड वेगळे केले, आणि त्यातल्या एकाला नाव दिलं अजमलीन. उस्तादाच्या कबरीवर याहून चांगली फुलं कुणी वाहिली नसतील.

पुढचा टप्पा मुंबईत झाला. परळच्या केईएम इस्पितळातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रोग्यांना पद्धतशीर देऊन, प्रत्येकाचा दाब मोजून नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्या प्रसिद्ध केल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळीतून रेसर्पीन वेगळं केलं गेलं. रक्तदाबावरची जगातली सुरुवातीची परिणामकारक औषधं ज्यांना म्हणतात त्यात ते होतं. त्यानंतर मुळीची इतकी खोदाई झाली की जंगलातून सर्पगंधा दुर्मिळ होत गेली आणि तिच्या व्यापारावर बंधनं आली. हिरडा झाडावरून वेचला तर झाड राहतं. सर्पगंधेची मुळी काढली की झाड गेलं. अजमलीन हे औषध आजही आहे. हृदयाचे ठोके अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो अशा ब्रुगाडा नावाच्या आजाराचा संशय असला तर युरोपातल्या इस्पितळांत ते शिरेतून देऊन ईसीजी बघतात. (ही मुळी घरी उगाळून कुणी घेऊ नये, हे सांगून ठेवतो. रक्तदाब आणि मन दोन्हीवर तिचा जोरकस परिणाम होतो.)

करोल बागेतलं तिब्बिया कॉलेज फाळणीच्या वादळातूनही टिकलं. आज ते दिल्ली सरकारकडे आहे आणि दोन्ही शाखा चालू आहेत. आपल्या राज्यातही यूनानीची कॉलेजं आहेत : पुण्यात आझम कॅम्पसवर, मुंबईत वर्सोव्याला डॉक्टर एम. आय. जमखानावाला यांच्या नावाचं, मालेगावात मन्सुऱ्याला मोहम्मदिया. नीटच्या गुणांवर बीयूएमएसला प्रवेश घेणारी आपली मुलं दरवर्षी वाढताहेत, आणि त्यात मुली मोठ्या संख्येनं आहेत. जुन्नर, मंचर, घोडेगावच्या बाजारपेठांतून या पदवीच्या पाट्या दिसतात, आणि रात्री-बेरात्री तापानं फणफणलेलं पोर घेऊन माणसं आधी त्याच दारात येतात. म्हणून या मुलांचं शिक्षण कसं होतं याची काळजी साऱ्या गावानं करायला हवी.

प्रवेशाच्या दिवसांत पालक आम्हाला विचारतात की कुठलं कॉलेज चांगलं. बहुतेकांचं लक्ष फी आणि इमारतीवर असतं. त्यांना आम्ही सांगतो की एका सकाळी न कळवता कॉलेजच्या इस्पितळात जाऊन या. ओपीडीत रांग आहे का ते बघा. वॉर्डातल्या खाटांवर माणसं आहेत की नुसत्या चादरी, हेही बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा की या महिन्यात किती रोगी स्वतः तपासले, किती बाळंतपणं पाहिली, आणि औषध दिलेला रोगी आठ दिवसांनी परत आला तेव्हा त्याचा केसपेपर कुणी उघडून बघितला का.